लंडन ते सिडनी: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लंडनला राहते आणि माझी ताई सिडनीला. त्यामुळे हा प्रवास माझा बऱ्याचदा झालाय, आणि प्रत्येक वेळी आधी-नंतर तेच ते प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

लंडन ते सिडनी अंतर नेमकं किती?

हीथ्रो विमानतळापासून सिडनीच्या किंग्सफर्ड स्मिथ विमानतळापर्यंत हवाई अंतर सुमारे १७,०२० किलोमीटर आहे. मैलांत १०,५७५ च्या आसपास आणि वैमानिकांच्या नॉटिकल मैलांत ९,१९०. काही ठिकाणी १६,९९० असाही आकडा दिसेल. तोही चूक नाही, तो शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजलेला असतो.

हा आकडा किती मोठा आहे ते असं बघा. पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही दोन ठिकाणांमधलं अंतर जास्तीत जास्त २०,००० किलोमीटरच्या जेमतेम वर जाऊ शकतं. त्याहून लांब गेलात की दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागता. म्हणजे लंडनहून माणूस जितका दूर जाऊ शकतो, त्यातलं ८५ टक्के अंतर सिडनीलाच संपतं. उरलेल्यात न्यूझीलंड आणि बरंचसं पाणी.

मग विमानाला किती तास लागतात?

साधारण २२ ते २४ तास, एक थांबा धरून आणि तो थांबा आटोपशीर असेल तर. यातले प्रत्यक्ष हवेतले तास २० ते २२. स्वस्त तिकिटावर दोन थांबे आणि मध्ये दहा-बारा तासांची बसकण असेल तर ३० ते ३५ तासही होतात.

पण कोणी "वेळ किती" विचारलं की मी आधी उलट विचारते: कुठला वेळ? हवेतला? तिकिटावरचा? की घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंतचा? तिन्ही आकडे वेगळे. तिकिटावरचा वेळ विमान फाटकापासून हललं तिथून सुरू होतो आणि दुसऱ्या फाटकाला लागलं की संपतो. धावपट्टीच्या रांगेत रेंगाळलेली वीस मिनिटं त्यात धरलेली असतात. वेळापत्रकात कंपन्या थोडी सैलही सोडतात, म्हणून अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान पुष्कळदा वेळेवर पोचतं आणि वैमानिक तसं मोठ्या अभिमानाने सांगतो. घर ते घर धराल तर माझा अनुभव २८ तासांच्या खाली कधी आलेला नाही.

१७,००० किलोमीटरला ९०० ने भागलं की १९ तास येतात. इतकं साधं नाही का?

हिशेब बरोबर आहे, पण त्यात विमान एका क्षणात ९०० च्या वेगाला पोचतं, वारा नसतो, आकाशात कुठेही मज्जाव नसतो आणि विमान मधे कुठे उतरत नाही. या चारही गोष्टी खऱ्या प्रवासात खोट्या ठरतात. ९०० ने भागून मिळतो तो अंदाज, आणि अंदाज म्हणून तो वाईट नाही.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती इराण, भारत असं काहीतरी ओलांडते. मग लोक रशियाचं नाव का घेतात?

भिंतीवरचा नकाशा सपाट आहे आणि पृथ्वी गोल. घरी पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक लंडनवर धरा, दुसरं सिडनीवर, आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप वर सरकतो, उत्तरेकडे. बाल्टिक समुद्र, मॉस्कोच्या थोडं उत्तरेकडून, मग कझाकस्तानात अस्तानाजवळून, चीनमध्ये उरुमचीच्या आसपास, दक्षिण चीन समुद्र, आणि तिथून ऑस्ट्रेलिया. लंडनहून निघताना या मार्गाची दिशा ईशान्येकडे असते, आग्नेयेकडे नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्क तीनदा दोरा लावून बघितला होता.

या दोऱ्याच्या मार्गाला बृहद्वृत्त म्हणतात. १७,०२० हा आकडा याच मार्गाचा.

थांबा घेतला की अंतर खूप वाढतं का?

इथे एक गंमत आहे. लंडन–हाँगकाँग सुमारे ९,६५० किलोमीटर आणि हाँगकाँग–सिडनी सुमारे ७,३७०. बेरीज करा. जवळजवळ मूळ अंतराइतकीच येते! हाँगकाँग त्या ताणलेल्या दोऱ्याच्या अगदी खाली येत नाही, दोन-तीनशे किलोमीटर बाजूला आहे, पण इतक्या लांबच्या प्रवासात मधल्या भागात थोडं बाजूला झाल्याने फरक पडत नाही.

सिंगापूरमार्गे गेलात तर १०,८९० आणि ६,३००, म्हणजे एकूण १७,१९० च्या आसपास. पावणेदोनशे किलोमीटर जास्त, विमानाच्या हिशेबात दहा-बारा मिनिटं. दुबईमार्गे ५,५०० आणि १२,०४०, एकूण साडेसतरा हजार. पर्थमार्गे १४,५०० आणि ३,२८०, एकूण पावणेअठरा हजार. आणि कोणी उलट्या बाजूने, लॉस एंजेलिसमार्गे निघालं, तर ८,७६० आणि १२,०५०, म्हणजे २०,८०० च्या वर. ही वाट फक्त अमेरिकेत काम असेल तरच घ्यावी. तिथे नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं आणि त्यासाठी अमेरिकेची परवानगी किंवा व्हिसा लागतो. हे न बघता तिकीट काढलेली माणसं मला माहीत आहेत.

तर थांब्यामुळे अंतर फारसं वाढत नाही, वेळ वाढतो. उतरा, सुरक्षा तपासणी, पुन्हा रांग, पुन्हा चढा.

कुठला मार्ग घ्यावा?

दोन तुकडे कसे पडतात ते बघून ठरवा. सिंगापूरला लंडनहून सुमारे तेरा तास आणि पुढे सिडनीला पावणेआठ. दुबईला आधी सात तास आणि मग चौदा. पर्थला आधी जवळजवळ सतरा तास आणि मग चार. बेरीज जवळपास सारखीच, पण शरीराला ती सारखी वाटत नाही. रात्री लंडनहून निघून पहिला तुकडा लांब असेल तर त्यात झोप पुरी होते आणि दुसरा तुकडा दोन सिनेमांत निघून जातो. लहान मूल बरोबर असेल तर मात्र मी दुबई-दोहा बाजूचा सात तासांचा पहिला तुकडा घेईन, कारण सतरा तास मूल एका खुर्चीत बसत नाही आणि आपणही मग बसत नाही.

माझी स्वतःची पसंती सिंगापूरला. तिथे विमान तेच राहतं, तरी सगळ्यांना हातातल्या सामानासकट खाली उतरवतात. तास-दीड तास चालायला मिळतं, तोंडावर पाणी मारता येतं, दात घासता येतात. परत फाटकाशी आलं की पुन्हा एक्स-रेची तपासणी, आणि खुर्चीवर आल्यावर मघाशी सोडलेलं चुरगळलेलं पांघरूण जाऊन नवं घडी केलेलं ठेवलेलं असतं. इतकीशी गोष्ट, पण प्रवास नव्याने सुरू झाल्यासारखा वाटतो.

'डायरेक्ट' लिहिलं असेल तर विमान मधे थांबत नाही ना?

थांबतं! या एका शब्दाने भल्याभल्यांना फसवलंय. विमान व्यवसायात 'डायरेक्ट' म्हणजे एकच विमानक्रमांक, शेवटपर्यंत. मधे ते उतरू शकतं. कुठेही न उतरणारं ते 'नॉनस्टॉप'. लंडन–सिडनी डायरेक्ट मिळतं. नॉनस्टॉप प्रवासी सेवा आजवर कधीच नव्हती.

का नव्हती? विमानं तर एवढी मोठी आहेत.

मोठेपणाचा प्रश्न नाही, इंधनाच्या वजनाचा आहे. जास्त लांब जायचं तर जास्त इंधन, आणि ते जास्तीचं इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन. ढोबळ हिशेब असा, की जास्तीचं जे इंधन बरोबर घ्याल त्यातलं दर तासाला तीन-चार टक्के ते स्वतःला वाहून नेण्यातच जळतं. वीस तासांच्या प्रवासात शेवटच्या तासासाठी राखून ठेवलेल्या इंधनातलं जवळजवळ निम्मं त्याच्याच हमालीत जातं. शेवटी अशी वेळ येते की टाक्या भरल्या की माणसांना जागा उरत नाही.

आज जगातली सगळ्यात लांब नॉनस्टॉप प्रवासी सेवा सिंगापूर–न्यूयॉर्कची आहे, सुमारे १५,३०० किलोमीटर. लंडन–सिडनी त्याहून १,७०० किलोमीटरनी लांब.

पण कोणीतरी थेट उडून दाखवलंय असं वाचलं होतं.

दोनदा, आणि दोन्ही वेळा क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने. १९८९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं नवंकोरं बोइंग ७४७-४०० लंडनहून निघून २० तास ९ मिनिटांत सिडनीला उतरलं. त्यासाठी काय काय केलं होतं बघा. जर्मनीत मुद्दाम जास्त घनतेचं इंधन तयार करून घेतलं, म्हणजे तेवढ्याच टाकीत ऊर्जा जास्त मावेल. धावपट्टीपर्यंत विमान स्वतःच्या इंजिनांवर न नेता ट्रॅक्टरने ओढत नेलं, तेवढंच इंधन वाचावं म्हणून. आणि विमान जवळजवळ रिकामं. ते विमान नंतर पंचवीस वर्षं प्रवासी वाहत राहिलं. २०१५ च्या मार्चमध्ये त्याने सिडनीहून शेलहार्बरच्या संग्रहालयापर्यंतचं शेवटचं उड्डाण केलं, जेमतेम पंधरा मिनिटांचं.

दुसरं २०१९ च्या नोव्हेंबरात, बोइंग ७८७-९ ने, १९ तास १९ मिनिटं, विमानात सगळी मिळून ५२ माणसं. ते विमान १७,८०० किलोमीटर उडलं. १७,०२० नव्हे. जवळजवळ आठशे किलोमीटर जास्त, कारण विमान दोऱ्यावरून जात नाही, वारा आणि परवानगी जिथून असेल तिथून जातं.

नॉनस्टॉप सेवा सुरू कधी होणार?

क्वांटासने 'प्रोजेक्ट सनराइज' नावाने हे काम हाती घेतलंय. २०२२ साली त्यांनी एअरबस ए३५०-१००० जातीची १२ विमानं मागवल्याचं जाहीर केलं. मागच्या बाजूला २०,००० लिटरची जास्तीची टाकी, आणि खुर्च्या फक्त २३८. याच विमानात इतर कंपन्या साधारण तीनशेहून जास्त माणसं बसवतात. प्रवास २२ तासांपर्यंतचा असू शकेल. मधल्या भागात खुर्च्या काढून उभं राहायला, अंग ताणायला जागा ठेवली आहे. तारखा आधी बऱ्याचदा पुढे सरकल्या आहेत. कंपनीने शेवटी २०२७ च्या पहिल्या सहामाहीचा बेत जाहीर केला होता. तिकीट हातात पडेपर्यंत मी तरी सुट्टीचा अर्ज टाकणार नाही.

यातून वाचतील जास्तीत जास्त चारेक तास. माझ्या ओळखीतले निम्मे लोक म्हणतात वा, आणि निम्मे म्हणतात बावीस तास खाली पाय टेकायला नाही म्हणजे शिक्षाच. मी दुसऱ्या निम्म्यांत आहे.

जाताना आणि येताना वेळ वेगळा का लागतो?

वाऱ्यामुळे. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे विमानं जिथे उडतात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दोनशे किलोमीटर ही त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट नाही. लंडनहून सिडनीला जाताना ते पाठीशी असतात, परतताना तोंडावर. दोन्ही बाजूंत एक ते दीड तासाचा फरक सहज पडतो. हिवाळ्यात उत्तर गोलार्धातले वारे जास्त जोमात असतात, तेव्हा फरकही वाढतो.

याचं उत्तम उदाहरण पर्थ–लंडनचं. मार्च २०१८ पासून ही नॉनस्टॉप सेवा आहे, साडेसतरा तासांच्या आत-बाहेर. २०२४ मध्ये इराणच्या बाजूचं आकाश टाळायची वेळ आली तेव्हा पर्थहून लंडनला जाणारं विमान इंधनासाठी सिंगापूरला उतरवावं लागलं. लंडनहून पर्थला येणारं मात्र नॉनस्टॉपच येत राहिलं. तेच विमान, तीच दोन शहरं. पण येताना वारा ढकलत होता.

युद्धांमुळे प्रवास लांबलाय का?

हो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने रशियन विमानांना बंदी घातली आणि दुसऱ्याच दिवशी रशियाने ब्रिटिश विमानांना. म्हणजे तो दोऱ्याचा उत्तरेकडचा मार्ग ब्रिटिश कंपन्यांपुरता बंद झाला. लंडन–हाँगकाँग पूर्वी बारा तासांच्या आसपास होतं, आता तेरा-चौदा. चिनी कंपन्या मात्र अजून रशियावरून उडतात. त्यामुळे लंडन–शांघाय एका कंपनीच्या विमानाने लवकर होतं आणि दुसरीच्या विमानाने उशिरा. पश्चिम आशियात काही पेटलं की दुबई-दोहाच्या मार्गांनाही अधूनमधून वळसे पडतात. म्हणून जुन्या पानावर वाचलेला "११ तास ४० मिनिटं" हा आकडा आज गृहीत धरू नका. त्या आठवड्यात ते विमान खरोखर किती वेळ घेतंय ते विमानक्रमांक टाकून बघता येतं, तोच आकडा खरा.

दोन शहरांच्या घड्याळांत किती फरक आहे?

सिडनी पुढे, पण किती पुढे ते महिन्यावर अवलंबून. नऊ, दहा किंवा अकरा तास.

दोन्ही शहरांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, आणि दोघांचे उन्हाळे उलटे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. सिडनीत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. म्हणून नोव्हेंबर ते मार्चचा बहुतेक काळ फरक ११ तास, एप्रिल ते सप्टेंबर ९ तास, आणि दोन्हींच्या मधल्या त्या आठवड्यांत १०. ताईशी ठरलेला रविवारचा फोन हमखास चुकतो तो याच आठवड्यांत.

शुक्रवारी रात्री निघालं तर पोचणार कधी?

जानेवारी धरू. शुक्रवारी रात्री ९ ला लंडनहून निघालात, एकूण २३ तास लागले. लंडनच्या घड्याळात तेव्हा शनिवारचे रात्रीचे ८ वाजलेत. त्यात ११ मिळवा. सिडनीत रविवारची सकाळ, ७ वाजलेत. शनिवार नावाचा वार तुम्ही विमानाच्या खिडकीतून बघितलात, एवढंच.

परतताना उलटं. सिडनीहून शनिवारी दुपारी ४ ला निघून २४ तास लागले, तर लंडनला रविवारी पहाटे ५ ला पोचता. चोवीस तास उडून घड्याळ फक्त तेराच तास पुढे गेलेलं असतं, आणि समोर अख्खा रविवार उभा. त्या रविवारी काहीही महत्त्वाचं ठरवू नका.

सगळी विमानं सिडनीला पहाटेच का उतरतात?

विमानतळ शहराला अगदी लागून आहे आणि रात्री ११ ते सकाळी ६ तिथे उड्डाणांवर बंदी आहे. त्यासाठी १९९५ चा स्वतंत्र कायदाच आहे, अपवाद मोजके. त्यामुळे रात्रभर येणारी विमानं सहा वाजल्यापासून एकामागोमाग एक उतरायला लागतात, आणि त्या वेळी इमिग्रेशनची रांग बघण्यासारखी असते. वारा जास्तच पाठीशी लागला आणि विमान लवकर पोचलं, तर ते वर घिरट्या घालत बसतं. खाली घरांचे दिवे दिसतायत, आणि आपण गोल गोल फिरतोय.

थांब्याला किती वेळ असावा?

दोन ते तीन तास. एकदा मी पंचावन्न मिनिटांची जोडणी घेतली होती, तिकीट स्वस्त होतं म्हणून. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं. मी हातात चपला घेऊन पळाले आणि शेवटची चढले. बॅग पळू शकली नाही. ती दोन दिवसांनी आली आणि तोवर मी ताईचे ढगळ कपडे घालून हिंडत होते. दोन्ही तुकडे एकाच तिकिटावर होते म्हणून निदान बॅग घरपोच मिळाली. वेगवेगळी तिकिटं काढून स्वतःच जोडणी केली असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. तसं करणार असाल तर मधे एक रात्र ठेवा.

पूर्वी लोक कसे जायचे?

हा प्रश्न लोक कमी विचारतात, पण उत्तर द्यायला मला सगळ्यात आवडतं.

१७८७ च्या मे महिन्यात इंग्लंडहून निघालेली ११ जहाजं जानेवारी १७८८ मध्ये बॉटनी बेला पोचली. आठ महिने. आगबोटी आणि सुएझ कालवा आल्यावर तोच प्रवास पाच-सहा आठवड्यांवर आला.

विमानाने पहिल्यांदा गेले ते रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ आणि त्यांचे दोन मेकॅनिक. १२ नोव्हेंबर १९१९ ला लंडनजवळच्या हाउन्स्लोहून निघाले आणि १० डिसेंबरला डार्विनला उतरले. उघड्या कॉकपिटचं व्हिकर्स व्हिमी विमान, वाटेत कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता. ऑस्ट्रेलियन सरकारचं १०,००० पौंडांचं बक्षीस तीस दिवसांच्या आत पोचणाऱ्याला होतं. यांना अठ्ठावीस लागले. १९३५ मध्ये ब्रिस्बेन ते लंडन प्रवासी सेवा सुरू झाली, साडेबारा दिवसांची. त्यात पॅरिस ते ब्रिंडिसी हा तुकडा चक्क आगगाडीने.

मग युद्ध आलं, सिंगापूर पडलं आणि ही वाटच तुटली. तेव्हा १९४३ ते १९४५ पर्थहून सिलोनला कॅटालिना जातीची पाण्यावर उतरणारी विमानं उडाली. रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून, प्रवासी जास्तीत जास्त तीन. हा प्रवास २७ ते ३३ तास चालायचा. इतका लांब, की आतल्या माणसांना एकाच उड्डाणात दोनदा सूर्योदय दिसायचा. प्रवाशांना तसं प्रमाणपत्रही द्यायचे. 'प्रोजेक्ट सनराइज' हे नाव तिथून आलंय.

१ डिसेंबर १९४७ ला लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान २९ प्रवासी घेऊन सिडनीहून लंडनला निघालं. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे थांबे. चार दिवस, जाऊन-येऊन भाडं ५८५ पौंड. 'कांगारू रूट' हे नाव पडलं ते याच उड्या मारत जाण्यावरून.

गाडीने जाता येतं का?

सलग नाही, मधे समुद्र आहे. पण १९६८ साली लंडन–सिडनी मोटार शर्यत झाली होती. ९८ गाड्या लंडनहून निघाल्या, त्यातल्या बऱ्याचशा अफगाणिस्तानातून मुंबईपर्यंत आल्या, तिथून बोटीवर चढून पर्थजवळ उतरल्या आणि पुन्हा धावत सिडनीला गेल्या. २४ नोव्हेंबरला निघून १७ डिसेंबरला शेवट. आज त्याच रस्त्याने जायचं तर गाडीपेक्षा व्हिसाच जास्त दमवतील.

एवढा वेळ बसून राहण्याने काही त्रास होतो का?

चार तासांहून लांब प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात दिसलं. तरीही अशा प्रवासात प्रत्यक्ष प्रमाण फारच कमी, साधारण सहा हजारांत एक. घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. दर दोन तासांनी उठून चाला, पोटऱ्या हलवा, पाणी प्या. याआधी गुठळी झाली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. मी नेहमी वाटेच्या बाजूची खुर्ची घेते, म्हणजे उठताना दोघांची झोपमोड होत नाही.

जेट लॅग वेगळा. तासाच्या फरकाला एक दिवस असा ढोबळ हिशेब आहे, आणि पूर्वेकडे जाताना तो जास्त छळतो. पोचल्यावर उन्हात हिंडा. दुपारी तीनला डोळा लागला की संपलं, मग रात्री दोनला टक्क जागे.

सिडनीचं तिकीट काढताना आणखी काही बघायचं?

देश बघा. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातही एक सिडनी आहे आणि ऑस्ट्रेलियाला निघालेले प्रवासी खरोखर तिथे जाऊन उतरलेत, एकदा नाही, अनेकदा. विमान लहान-लहान होत गेलं तेव्हा त्यांना शंका आली. कॅनडात लंडनही आहे.

घ्यायला येणाऱ्याला काय सांगायचं?

विमानक्रमांक आणि सिडनीची तारीख. "शुक्रवारी निघतेय, एक दिवस लागतो" असं अजिबात नाही. मी पहिल्या खेपेला ताईला नेमकं तेच सांगितलं होतं. ताई आणि भावोजी शनिवारी पहाटे सहाला विमानतळावर हजर, फुलं घेऊन. मी तेव्हा अजून हीथ्रोला बॅगेला कुलूप लावत होते. फोन आला, "अगं, कुठल्या फाटकातून बाहेर येतेयस?"